निरांजनावर घेतलेला आळ

हे मी कुणाला बोललेलो नाही. शालनला नाही, पोरीला नाही, रॉयला तर नाहीच नाही. देवापुढं बसलो की कधीकधी ओठावर यायचं — मग मी आरती मोठ्यानं म्हणायला लागायचो. आता शालन गेली. गेल्या थंडीत गेली. मग आता कशाला सांगतोस म्हाताऱ्या, असं तू विचारशील. बरोबर आहे तुझं. सांगून काय व्हायचंय? पण घास गिळवत नाही रे. म्हणून सांगतो.

आधी मी कोण ते ऐक. ओहायोत राहतो, डब्लिन गावात. इथले आपले लोक इंजिनीअर, डॉक्टर, मोठमोठ्या कंपन्यांतले. मी सातवी पास, तासगावकडचा. शालन नर्स होती. तिला इथं नोकरी लागली आणि तिच्या बॅगांबरोबर मी आलो. हसू नकोस, असंच होतं ते. मंडळाच्या गणपतीत लोक मला "शालनताईंचे मिस्टर" म्हणायचे. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचो. घरी कागद आला की शालन वाचणार. डॉक्टरकडं गेलो की दुखतंय मला आणि सांगणार शालन. तिनं कधी ते बोलून दाखवलं नाही. एकदाही नाही. पण मला ते टोचायचंच — तिनं न बोलल्यानं जास्तच टोचायचं.

एकच गोष्ट मला यायची आणि तिला नाही. शिकार.

ती शिकवली रॉयनं. माझ्याच शिफ्टला होता, गोरा, लांब दाढीचा, माझ्याहून कमी बोलणारा. इथं हरणाची शिकार परवाना काढून करतात, आणि बंदुकीच्या आधी धनुष्यबाणाचा सीझन असतो. रॉयनं मला धनुष्य धरायला शिकवलं. हे धनुष्य कॅलेंडरातल्या रामाच्या हातातल्यासारखं नसतं. दोन टोकांना चाकं. दोरी म्हणजे केसासारख्या बारीक धाग्यांचा पीळ. ओढलं की त्या दोरीवर एवढा ताण येतो की ती तुटली तर समोरचं हरीण वाचतं, मागचा माणूस नाही.

म्हणून रॉयचा एक नियम होता. झाडावर मचाण बांधून बसलास आणि धनुष्यात काहीही वावगं दिसलं — दोरीचा धागा सुटलाय, बाणाला चीर गेलीय, काहीही — तर ओढायचं नाही. खाली उतरायचं. त्याच्या ट्रकमध्ये एक जादा धनुष्य कायम असायचं. तो म्हणायचा, हरीण उद्या परत येईल, तुझं थोबाड परत येणार नाही. दुसरा नियम — दोरी चढवलेल्या धनुष्याजवळ पात्यांचं काम करायचं नाही. बाणाची पाती वस्तऱ्यासारखी असतात. हे दोन्ही नियम मला पाठ होते. सातवी पास असलो तरी एवढं कळत होतं.

पहिलं हरीण आणलं तेव्हा शालननं कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला. मंडळातल्या काकूंनी नाकं मुरडली. पुढच्या वर्षी त्यांचेच नवरे पार्किंगमध्ये हळूच विचारायला लागले, "काका, यंदा काही पडलं का?" काय सांगू तुला, त्या दिवशी मी छाती काढून चाललो.

आणि दसरा. सीझन नुकताच उघडलेला असतो आणि त्यात खंडेनवमी येते. शालननंच सुरू केलं ते. म्हणाली, "अहो, तुमचं धनुष्य आणा की पाटावर. हत्यारच आहे ना?" पाटावर मधोमध माझं धनुष्य, एका बाजूला तिचा स्टेथोस्कोप, दुसऱ्या बाजूला माझ्या फोर्कलिफ्टची किल्ली. हळद-कुंकू, झेंडू — झेंडू इथं कुंडीत लावायची ती खास त्यासाठी — आणि निरांजन. वर्षातून एक दिवस घरात माझी वस्तू मधोमध असायची. एवढंच मला पुरत होतं का? त्या दिवसापुरतं पुरत होतं.

आता मुद्द्यावर येतो मी. टाळत नाही — येतो.

पोरगी कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. नवमीच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये धनुष्य पुसत होतो. पुसता पुसता वाटलं, बाणांना नवी पाती लावून टाकू. धनुष्य मांडीवरच. हात सटकला. पातं दोरीवरून गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. तीन-चार धागे तुटून केसांसारखे उभे राहिले.

मला कळलं. लगेच कळलं. अशी दोरी बदलायची असते, आणि ती घरी बदलता येत नाही, दुकानात मशिनवर चढवावी लागते. म्हणजे रॉयला सांगावं लागणार, की तू दहादा सांगितलंस ते मी केलं. म्हणजे उद्या पाटाचा मधला भाग रिकामा, आणि शालन विचारणार, धनुष्य कुठं आहे? मग तिलाही सांगावं लागणार. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी.

मी दोरीला लावायचं मेण घेतलं, ते धागे अंगठ्यानं दाबून बसवले, वरून मेण चोळलं. दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी शालननं पूजा केली. मेणावर कुंकू चिकटलं, दोरी तिथं लाल झाली. निरांजन ओवाळलं तेव्हा मी शेजारी हात जोडून उभा होतो. ज्योत दोरीपासून हातभर लांब होती. हातभर. हे तू लक्षात ठेव.

शनिवारी रॉयबरोबर रानात गेलो. तो ओढ्याच्या पलीकडं त्याच्या झाडावर, मी अलीकडं माझ्या. उजाडलं तेव्हा धनुष्याकडं पाहिलं. दोरीत नेम धरायला एक बारकी कडी बसवलेली असते, तिच्यातून डोळ्यानं पाहायचं. ती कडी फिरलेली होती. कडी अशी फिरते कशी? दोरीचा पीळ सैल पडायला लागला की फिरते. आतले धागे तुटत चालले होते. धनुष्यानं मला सांगितलं, बघ. त्याहून स्पष्ट काय सांगायचं असतं त्यानं?

ट्रक शेताच्या कडेला होता, दिसत होता झाडावरून. त्यात जादा धनुष्य. उतरायचं होतं फक्त.

तेवढ्यात हरीण आलं. मोठा नर. मी बोटानं कडी सरळ केली — आणि ओढलं.

आवाज बंदुकीसारखा झाला. तोंडावर कुणीतरी चाबूक मारला. मचाणाचा पट्टा होता म्हणून लोंबकळत राहिलो, नाहीतर खालीच गेलो असतो. उजव्या डोळ्यात काही दिसेना. रॉय ओढ्यातून बुटांसकट धावत आला, मला उतरवलं, त्याचा शर्ट माझ्या तोंडावर धरला, आणि एका हातानं ट्रक चालवत हॉस्पिटलला नेलं.

हॉस्पिटल शालनचंच. तिच्या वॉर्डातून खाली आली. नर्सच्या कपड्यात होती, चेहरा नर्सचाच ठेवला होता तिनं. माझा हात मात्र एवढा घट्ट धरला की नखं रुतली. पट्टी बांधून झाल्यावर रॉय आत आला. त्याच्या हातात दोरीचा तुकडा. त्याला ते पटत नव्हतं, दोरी नवीच होती ना. म्हणाला, हे लाल काय आहे? आणि मग — तोच म्हणाला, मी नाही — धनुष्य कुठं गरम जागी ठेवलं होतंस का? तापलेल्या गाडीत? हीटरजवळ? आच लागली की हे धागे वितळतात.

त्यानं दार उघडून दिलं. आत मी गेलो.

मला इंग्रजी येतं ते कामापुरतं. जेवढं येत होतं तेवढ्यात खोटं बोललो. "वाइफ. प्रेयर. फायर."

तीन शब्द. पूर्ण वाक्यसुद्धा नाही.

रॉय म्हणजे भला माणूस. शालनकडं बघून म्हणाला की तुला कसं ठाऊक असणार, चुकून झालं. शालननं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं. म्हणाली, "माझ्यामुळं झालं हे?" मराठीत विचारलं. मराठीत तरी खरं सांगायचं होतं की नाही? तिथं कोण होतं समजणारं, आम्ही दोघं सोडून? मी भिंतीकडं तोंड केलं.

डोळा राहिला, नजर गेली. आतला दाब वाढू नये म्हणून रोज थेंब घालायचे, जन्मभर. ते शालन घालायची. सकाळी ड्यूटीला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. "मान मागं करा," म्हणायची. दुसरं काही बोलायची नाही. एक दिवस चुकला नाही, आणि मी एक दिवस म्हणालो नाही की दे, माझं मी घालतो.

त्या दसऱ्यानंतर तिनं घरात ज्योत लावली नाही. इंडियन स्टोअरमधून बॅटरीचा दिवा आणला. सांजेला देवापुढं बटण दाबायची. निरांजन घासूनपुसून कपाटात ठेवलं होतं, मागं, कपड्यांच्या घडीखाली. पोरगी सुट्टीत आली की चिडवायची, "आई, स्मोक अलार्मला घाबरतेस काय?" आई हसायची. मीही हसायचो. ऐकतोयस ना? मीही हसायचो.

आणि खरं सगळंच सांगायचं तर हे पण सांगतो. मला ते बरं वाटायला लागलं. घरात माझा शब्द चालायला लागला. भांडण झालं की शालन मध्येच थांबायची, माझ्या डोळ्याकडं बघायची आणि तुमचंच खरं म्हणायची. एवढी शिकलेली, एवढी कमावती बाई. मी सातवी पास — आणि तीच गप्प. पोरगी लग्न करून नॉर्थ कॅरोलायनात गेली, मॉरिसव्हिलला. शालन रिटायर झाली तेव्हा तिच्या फार मनात होतं तिकडं जायचं. नात झाली होती. घरं बघून ठेवली होती तिनं फोनवर. मी म्हटलं, मला इथंच बरं वाटतं. का बरं वाटतं, ते सांगता आलं नसतं मला. शिकार तर कधीच सुटलेली. पण तिनं विचारलंच नाही. फोन बाजूला ठेवला आणि थेंबांची बाटली घेऊन आली.

सांगायची संधी नव्हती असं नाही. नातीच्या वाढदिवसाला गेलो होतो मॉरिसव्हिलला. पाटावर पोर बसलेली, नवा फ्रॉक. मुलीनं तबक आईपुढं धरलं. "आई, तू ओवाळ ना आधी."

शालन मागं सरकली. "तूच ओवाळ गं. माझ्या हाताला गुण नाही."

"काय हे आई, काहीतरीच!"

नात म्हणाली, "आज्जी, व्हाय नॉट?"

शालननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला वाटत असणार, बघितलं तर मला डोळ्याची आठवण होईल. मी तिथंच होतो, सोफ्याशी, हातात कागदाची प्लेट. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग जावयानं विचारलं, "काका, केक देऊ?" आणि मी हो म्हणालो. केक खाल्ला. चवसुद्धा आठवते, स्ट्रॉबेरीचा होता.

शेवटचं आजारपण तिनं घरीच काढलं. नर्स असल्यानं तिला सगळं कळत होतं, कुणी खोटं सांगून उपयोग नव्हता. माझं सोडून. पलंग खिडकीपाशी लावला होता. मागच्या अंगणात हरणं यायची, डब्लिनमध्ये सगळ्यांच्याच अंगणात येतात, शालनच्या झेंडूच्या कुंड्या खाऊन जायची. ती बघत पडायची. रागावायची नाही. "खाऊ दे, आता मी कुठं पाट मांडणार आहे," म्हणायची.

एका संध्याकाळी तिनं मला जवळ बसवलं. आवाज पार खाली गेला होता. मला वाटलं पाणी मागतेय. ती म्हणाली, "अहो, एक विचारू? तुमच्या डोळ्याचं — मला माफ केलंत ना हो?"

बघ. इथं होतं ते. सगळ्या जन्मात एवढा मोठा दरवाजा कुणी उघडून धरत नाही. घरात तिसरं माणूस नाही. रॉय नाही, पोरगी नाही. एक वाक्य — दोरी मीच कापली होती, शालन. एवढंच. तिनं काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या? द्यायला पाहिजे होत्या. कपाटातलं निरांजन मागितलं असतं, लावलं असतं. आपल्या हाताला गुण होता हे मरताना तरी तिला कळलं असतं.

मी म्हणालो, "केलं. कधीच केलं."

मी तिला माफ केलं. मी. तिला.

तिचा चेहरा सैल पडला. "बरं झालं बाई," म्हणाली, स्वतःशीच. मग तिला घड्याळ दिसलं भिंतीवरचं. उशाशी चाचपडत तिनं माझ्या थेंबांची बाटली काढली. ती तिथंच ठेवायची, माझ्या लक्षात राहत नाही म्हणून. झाकण तिला निघेना, ते मी काढून दिलं.

"मान मागं करा," ती म्हणाली.

मी मान मागं केली.