शर्यतीच्या फटफटीवर गौरूआत्या

शर्यतीची फटफटी संसाराला जुंपायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी सांगितलेलं; मी ऐकलं नव्हतं.

देश सोडून गेलेल्या कोणा गोऱ्या साहेबाची ती फटफटी ठाण्याच्या एका गॅरेजात पडलेली. मी कोपरचा मिठागरवाला, शाळा दुसरीत सुटलेली, पण गावातली पहिली फटफटी माझी! तिला किक नव्हती. ढकलत न्यायची, पेटली की पळवायची. थांबली की मेली. आवाज असा, की कानाशी तोंड लावून बोललं तरी ऐकू येणार नाही.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, लांब जायचं तर आधी किक आणि सायलेन्सर बसवून घ्या."

"आमचा बैल काय किक मारून चालू होतो?" मी म्हणालो, आणि प्रवासाची तयारी घरीच केली. पोटाशी वाकलेलं हँडल वर ओढलं. दोन बाजूंना सामानासाठी रॉकेलचे रिकामे डबे टांगले. मागे फळी ठोकली, तिच्यावर पेंढा भरलेली गोणपाटाची गादी ठेवली. (ठेवली. बांधली नाही.)

पहिला प्रवास ठरला कल्याणला, मेव्हण्याच्या हळदीला. बायको हिरा आदल्या दिवशीच माहेरी गेलेली. जाताना बजावून गेली, "गौरूआत्याला आगगाडीनंच आणा. ती नाय आली तर हळद अडंल!"

गौरूआत्या म्हणजे आमची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात बाकी कोणी नसलं तरी चालतं, पण धवलारणीनं धवले गायल्याशिवाय नवऱ्याला हळदीचं बोट लागत नाही. अशा बाईला मी आगगाडीनं नेऊ? दारात फटफटी असताना?

"धरू कशाला र?" आत्यानं गादीवर बसता बसता विचारलं.

"धरायला कशाला पायजे? गादी हाय!"

तिनं हळदीच्या सामानाचं गाठोडं आमच्या दोघांच्या मधे घट्ट बसवलं. चार गडी ढकलायला लागले. फटफटी दोनदा शिंकली आणि तिसऱ्यांदा अशी उधळली, की गडी मागे कुठे राहिले कळलं नाही. मागून आरडाओरडा झाला. मला वाटलं, जयजयकार!

मागे वळून बघायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. पाठीला गाठोडं लागत होतं, म्हणजे आत्या आहेच. ठाकुर्लीत ओळखीची माणसं भेटली, म्हणून मुद्दाम चार चकरा मारल्या. लोक माझ्या मागे बोट दाखवत होते. गादीचं कौतुक! मी हात हलवला.

"आत्या, कसं वाटतंय?" मी ओरडलो. उत्तर नाही. म्हातारी खूश होऊन गप्प झाली असणार!

कल्याणला मांडवाशी पोचलो. हिरा तांब्या घेऊन पुढे आली आणि माझ्या पाठीमागे बघतच राहिली. तेव्हा घराण्याची पद्धत मोडून मी वळून बघितलं. गाठोडं होतं. आत्या नव्हती. गादीही नव्हती!

आता थांबलो की फटफटी मेली, आणि आत्या तर कुठे पडलीय देवाला ठाऊक. म्हणून मांडवाला वळसा घालता घालता ओरडलो, "आत्या आली काय?" ऐकू कोणाला येणार! परत वळसा, परत ओरडलो.

पण लोकांना दिसलं काय? जावई आला, उतरला नाही, पाणी घेतलं नाही, रागानं तोंड वासतोय. जावई रुसला! आणि लग्नात रुसलेला जावई काहीतरी कबूल केल्याशिवाय उतरत नाही, हे पोरंसोरंसुद्धा जाणतात.

सासरे टोपी सावरत बाजूनं पळायला लागले. हातात नारळ! पुढच्या फेरीला धोतरजोडी! त्याच्या पुढच्या फेरीला पितळेची कळशी! मी जितका हात हलवून नको म्हणतोय, तितकी माझी किंमत वाढतेय. शेवटी सासऱ्यांनी गोठ्यातली म्हैस सोडून आणली. फटफटीचा आवाज ऐकून म्हैस उधळली आणि मांडवाचा एक खांब घेऊन गेली. नवरा मुंडावळ्या धरून म्हशीमागे पळाला!

तेवढ्यात रस्त्यावरून गौरूआत्या आली. डोंबिवलीहून आगगाडीनं. डोक्यावर गादी! मी करकचून ब्रेक मारला. फटफटी मेली, आणि त्या शांततेत माझं शेवटचं ओरडणं अख्ख्या गावानं ऐकलं, "आत्या रस्त्यात सांडली होऽ!"

"सांडलेली नाय र," आत्या म्हणाली, "गादीसकट दारातच ठेवून गेलास! ते गाठोडं दे आता. हळद खोळंबलीय."

सासरे धापा टाकत म्हणाले, "म्हणजे जावईबापू, तुम्ही रुसला नव्हता?"

"रुसलेलोच!" मी म्हणालो. बाईमाणसाला पाडलं म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

"बाबा, काय पण देऊ नका यांना!" हिरा ओरडली.

पण शब्द म्हणजे शब्द. सासऱ्यांनी चार लोकांसमोर जावयाचा मान दिला: एक नवा काथ्याचा दोर. "पुढच्या खेपेला माणूस बांधून आणा," म्हणाले. आत्यानं तर हळद लावता लावता त्या दोरावर धवला रचला, आणि बायांनी तो नवऱ्याच्या धवल्यापेक्षा जोरात म्हटला.

फटफटी पुढे भंगारात गेली. पण अजूनही मी कोणाच्या लग्नाला गेलो, की "या, बसा" म्हणायच्या आधी लोक माझ्या पाठीमागे बघतात.

हल्ली मीही बघतो.