एक ते चार

आयुष्यात काय कमावलंत असं आमच्या बापुजींना विचारलं, तर ते खुशाल सांगायचे, "दुपारची झोप." थट्टेनं नव्हे हो, अगदी मनापासून! राजकोटात दुपारी सगळेच आडवे होतात, त्यात काय मोठंसं? पण त्रंबकलाल राजदेव झोपायचे तसं कुणी झोपत नसे. साडेबाराला बटणं-लेसच्या दुकानाचं शटर खाली. गिऱ्हाईक लेस हातात धरून उभं असलं तरी म्हणायचे, "बेन, चारनंतर या. लेस कुठे पळून जात नाही." घरी येऊन रोटला, कढी, वर पेलाभर ताक, आणि एकच्या ठोक्याला घोरणं सुरू.

मग आम्ही सगळे मुके. कुकर लावायचा नाही, बेलचा खटका बंद, फोन उशीखाली. मोठे काका वारले तो निरोपसुद्धा दोन वाजता आला होता. बानं, म्हणजे माझ्या आईनं, चारपर्यंत कुणाला कळू दिला नाही. म्हणाली, "गेलेला माणूस आता आणखी कुठे जाणार आहे? यांची झोप मात्र गेली तर परत यायची नाही." चारला बापुजी उठले, ऐकलं, ढसाढसा रडले. डोळे पुसता पुसता बाला म्हणाले, "शहाणी आहेस हो तू."

अशा घरात मला बघायला मुलुंडचे कारिया येणार होते. मी सत्तावीस वर्षांची, आधीची तीन स्थळं हातची गेलेली. आणि खरं सांगू? हा भाविन कारिया मी जेतपूरच्या एका लग्नात आधीच बघितला होता. वाढताना माझ्या हातून बासुंदी त्याच्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर सांडली, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "आता वाटीत पण वाढा." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा कुणी बसेना. हे जुळलं नाही तर मी नुसतं हाय खाऊन मेले असते.

पाच वाजता यायचं ठरलं होतं. मंडळी आली अडीचला! भाविन, त्याची आई सरलाबेन आणि वडील हरकिसनभाई. वाटेतलं देऊळ बंद होतं म्हणून सरळ इकडेच आले. बाचं तोंड पांढरंफटक. मदतीला आलेली जयाफोई, म्हणजे बापुजींची धाकटी बहीण, पदर खोचून आतल्या खोलीत गेली. मी दाराआडून ऐकत होते.

"भाई, ऊठ. पाहुणे आलेत."

"चारला."

"अरे, मुलीचं स्थळ आहे! मुलुंडहून आलेत."

"मग दमले असतील. चारला." आणि कूस बदलली.

बाहेर सरलाबेन पदरानं वारा घेत म्हणाल्या, "मुलीचे वडील कुठे दिसत नाहीत ते? आम्ही काय भिंती बघायला आलो?" बा काहीतरी कामाबिमाचं बोलायला गेली, तेवढ्यात आतून असं घोरणं आलं की कपाटावरची भांडी वाजली. भाविननं खाली मान घालून हसू दाबलं. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं.

"कोण घोरतंय?" हरकिसनभाईंनी विचारलं.

मी सांगून टाकलं, "बापुजी. एक ते चार झोपतात. यमराज आला तरी ओट्यावर बसवून ठेवावा लागेल."

सरलाबेननी पर्स उचलली. "चला, उठा. झाला एवढा मान पुरे."

पण हरकिसनभाई उठेनात. ते नुसते ऐकत होते. मग बाला म्हणाले, "बेन, एखादी उशी मिळेल? मी इथलाच, मुलुंडला जाऊन तीस वर्षं झाली. तीस वर्षांत एकदाही दुपारी डोळा लागला नाही हो!" आणि बूट काढून ते झोपाळ्यावर आडवे झाले. पाच मिनिटांत आतून एक आणि बाहेरून एक, असा सवाल-जवाब चालू झाला. सरलाबेन आधी फुगल्या, मग जांभई देऊन सोफ्यावर टेकल्या. आणि भाविन? तो स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "बासुंदी केलीय का आज?"

चारला बापुजी गंजिफ्रॉकात बाहेर आले. झोपाळ्यावर परका माणूस! जयाफोई कुजबुजली, "तुझा व्याही." बापुजींनी त्याला नीट निरखलं आणि म्हणाले, "उठवू नका. चहा साडेचारला ठेवा." लग्न तिथंच ठरलं.

याला वीस वर्षं झाली. मुलुंडात माझा दिवस डबे, क्लास, दुकानाच्या ऑर्डरी यात कसा जातो, विचारू नका. निवांत मिळतो तो दुपारी दोन ते अडीच. रोज दोनला बापुजींचा फोन येतो. काय जेवलीस, मुंबईत ऊन आहे का, असंच काहीबाही. मी एकदा विचारलं, "तुमची झोप?" तर म्हणाले, "छे, आता येतेच कुठे या वयात!" मला आपलं खरं वाटत राहिलं.

बा गेल्या महिन्यात बोलून गेली. "येत कशी नाही? पावणेदोनला फोन हातात घेऊन बसतात, डोळ्यांना पाणी लावतात. वीस वर्षं झोपले नाहीत गं. म्हणतात, हर्षिदाला तेवढाच वेळ असतो."

मी मोठ्यांदा रडले. सासूबाई धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी दोनला फोन वाजला. मी म्हटलं, "बापुजी, आज मला फार झोप येतेय. पण फोन ठेवू नका. उशाशी असू द्या, मीही ठेवते."

"म्हणजे बोलायचं नाही?"

"नाही. झोपायचं."

खाटेची करकर ऐकू आली. चार-पाच मिनिटांत घोरणं सुरू झालं, तेच, भांडी वाजवणारं. मी गॅसवरचा कुकर बंद केला आणि बेलचा खटकाही.