हौदाचा चौथा खांब

एका जुन्या फोटोपायी केलेली ती चौकशी मला आजही काल झाल्यासारखी आठवते. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी सांगली जिल्ह्यात, जतच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. संबंधितांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही.

सोमवारच्या टपालात एक निनावी अर्ज आला. अमुक वाडीतल्या एका मेंढपाळानं पंधरा वर्षांपूर्वी लहान मुलगी पळवून आणली, पोटची म्हणून वाढवली आणि आता तो तिचं लग्न लावतोय, असा मजकूर होता. निनावी अर्ज बहुधा भाऊबंदकीतून येतात. हाही तसाच होता. मेंढपाळाच्या मेव्हण्याला ती मुलगी आपल्या मुलासाठी हवी होती, हे पुढं कळलं. पण अर्ज खोडसाळ असला म्हणजे मजकूर खोटाच असतो असं नाही. मी ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगितली आणि मेंढपाळाला बोलावून घेतलं.

साठीचा, उंच, वाळलेला माणूस. खांद्यावर घोंगडं. त्याच्यामागं मुलगी, अठराएक वर्षांची. तिला बाहेर बसवून मी त्याला विचारलं, "ही मुलगी तुझी?"

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "सापडलीया."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. मिरजेहून पंढरपूरकडं जाणाऱ्या बारक्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या वाटेवर, एका आडबाजूच्या थांब्यापाशी त्याची मेंढरं बसली होती. गाडी गेली आणि बघतो तर तीनेक वर्षांची पोर एक बोचकं धरून रडत उभी. कुणीतरी उतारूनं तिला खाली उतरवलं असावं. नाव विचारलं तर 'बाळी', गाव विचारलं तर गप्प.

"एकच बोलायची साहेब, 'आई पान्याला गेलीया'. पाच दिस येणाऱ्या-जाणाऱ्या हर गाडीला तिला खांद्यावर घिऊन हुबा ऱ्हायलो. कोन उतरलं न्हाई. टेशनमास्तराला सांगितलं, पाटलाला सांगितलं. पाटील म्हनला, संबाळ, कोन आलं तर दिऊन टाकू."

"लिहून घेतलं कुणी?"

"न्हाई."

त्याला मी तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी, उलटसुलट विचारलं. पढवलेला माणूस प्रत्येक वेळी तेच शब्द बोलतो. हा वार चुकायचा, महिना चुकायचा, पण पोरीनं पहिल्या दिवशी काय खाल्लं ते चुकायचं नाही. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "खरं सांगू का साहेब? आमाला मूलबाळ न्हाई. वरीसभर इचारपूस केली, मग सोडली. कोन येऊ नये, असंच वाटाया लागलं हुतं."

मी ते जबाबात जसंच्या तसं लिहिलं. ते त्याच्या विरुद्ध जाणारं होतं, आणि त्याच वाक्यानं माझा त्याच्यावर विश्वास बसला.

बोचक्यातल्या वस्तूंपैकी एक त्यानं जपून ठेवली होती. फोटो. कडा झिजलेल्या. एका पॅसेंजर गाडीसमोर खाकी कपड्यातला गँगमन, शेजारी त्याची बायको, तिच्या कडेवर तान्हं मूल. मागं इंजिनात पाणी भरायचा हौद आणि त्याच्याही मागं डोंगर. स्टेशनची पाटी चौकटीबाहेर राहिलेली.

हे स्टेशन सापडलं तर मुलीचं घर सापडणार होतं. न सापडलं तर या माणसावर अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागणार होता. वरिष्ठांनी दोनदा विचारलंही, अजून गुन्हा दाखल का नाही? तिकडं मुलीच्या होणाऱ्या सासरकडच्यांनी निरोप धाडला होता, एक महिना वाट बघतो, मग दुसरीकडं बघू.

पोर बारक्या गाडीच्या वाटेवर सापडली, म्हणून फोटोही त्याच वाटेवरचा, असं मी धरून चाललो. रेल्वे पोलिसांकडं इतके जुने कागद उरले नव्हते, म्हणून हवालदाराला घेऊन एकेक स्टेशन पालथं घातलं. कवठे महांकाळला मास्तरानं चहा पाजला आणि मान हलवली. हौद जुळला तर डोंगर जुळेना. तीन आठवडे असे गेले.

शेवटी मिरजेत एका निवृत्त पॉइंट्समनचा, म्हणजे सांधेवाल्याचा पत्ता लागला. दारात बाजेवर बसून तो लसूण सोलत होता. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि हसला.

"बारक्या गाडीच्या वाटंला कशाला हुडकत बसलाय? ही बारकी गाडीच न्हाई. डबा किती उंच हाय बघा की माणसाच्या मानानं. ही पुण्याच्या बाजूची जुनी मीटरगेज."

"मग स्टेशन कुठलं?"

"हौद बघा. तीन खांब दगडाचे, आनि चौथा?"

मी भिंगातून पाहिलं. चौथा खांब बारीक होता आणि लोखंडी दिसत होता.

"रुळाचा तुकडा हाय त्यो. डबा घसरून खांब पडला, तवा आमीच हुबा केला. म्या तितंच हुतो की! सातारा जिल्ह्यात." त्यानं स्टेशनाचं नाव सांगितलं. "पन आता तितं गाडी जात न्हाई. मोठी लाइन टाकली, तवा टेशान दोन मैल लांब नेलं."

दुसऱ्याच दिवशी मी तिथं पोचलो. रूळ उखडलेले, फलाटावर गवत, पण हौद उभा होता. मागं तोच डोंगर. जवळच्या झोपडीतून एक बाई बाहेर आली. वर्दी बघून तिनं पदर सावरला. मी काहीही न सांगता फोटो तिच्या हातात दिला.

तिनं फोटोतल्या मुलावर बोट ठेवलं.

"ह्यो कुटं गावला?"

"आधी तुम्ही सांगा, हरवला कुठं?"

"बहिनीकडं कवठ्याला चालले हुते. तिला दावाया फोटो घेतलेला. मिरजंत बारक्या गाडीत पोरीला बसिवलं, बोचकं दिलं आनि म्या पान्याला उतरले. तवर गाडी सुटली."

'आई पान्याला गेलीया.' हे शब्द मी तिला सांगितले नव्हते. माझी चौकशी तिथंच संपली.

तिनं तेव्हाच तक्रार दिली होती. पण पुढच्या स्टेशनांवर गाडी तपासली तेव्हा पोर आत नव्हती. ती आईमागं मिरजेतच उतरली असावी, असं धरून रेल्वे पोलीस मिरजेत शोधत राहिले. नवरा पुढं वारला, स्टेशन हललं, ही मात्र हलली नाही. "पोर आली तर हितंच यील न्हवं?" असं तिचं म्हणणं.

दोन दिवसांनी ती आमच्या ठाण्यात आली. मुलगी मेंढपाळाच्या बायकोचा हात धरून उभी होती, सोडायला तयार नव्हती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, रडली, आणि मग मेंढपाळाकडं वळली. तो हात जोडून म्हणाला, "माझं चुकलं, बाई. म्या हुडकायचं सोडलं."

"तुमी हुडकायचं सोडलं," ती म्हणाली, "पन पोरीला न्हाई सोडलं. पैल्या दिशी खाल्लं काय वो तिनं?"

"ताकात भाकरी कुस्करून दिली. तीबी सांजच्याला."

मग आई, मेंढपाळ आणि त्याची बायको लिंबाखाली बसली आणि दुपारपर्यंत बोलत राहिली. गोवर कधी आला, पहिलं लुगडं कधी नेसली. मुलगी आधी लांब उभी होती, नंतर दोघींच्या मधे जाऊन बसली. आमचा हवालदार एरवी कडक माणूस. त्यानं न सांगता चहा मागवला.

अर्ज निकाली काढला. लग्न ठरल्या मुलाशीच झालं, मेंढपाळाच्या दारात. आई महिनाभर आधी येऊन राहिली आणि नंतर परत गेलीच नाही.

या प्रकरणात कुणी दुष्ट नव्हतं. मास्तर, पाटील, रेल्वे पोलीस, सगळ्यांनी आपल्या परीनं केलं. फक्त त्या थांब्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि त्यात एका आईची पंधरा वर्षं गेली. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात आलेला माणूस नोंद घेतल्याशिवाय परत गेला नाही. हवालदार कुरकुरायचे, की आता हरवलेल्या शेळीचीही डायरी लिहायची का? लिहायची, मी म्हणायचो. त्यातल्या बऱ्याच शेळ्या सापडल्या.