शेजारणीची काशी

दूध तापवून वत्सलाबाई मेथी निवडायला बसल्या होत्या. समोरच्या आरामखुर्चीत कोंडाजी, मांडीवर पेपर, डोळे मिटलेले. उभा जन्म रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर मनमाडचं क्वार्टर सोडून नाशिकरोडला, जेलरोडवरच्या या घरात आला आणि खुर्चीला जो चिकटला तो चिकटलाच. वत्सलाबाईंचं काम मात्र वाढलं. पूर्वी नवरा ड्यूटीवर गेला की दुपार त्यांची स्वतःची असायची, आता दुपारीसुद्धा दोनदा चहा.

दाराची कडी वाजली. शेजारच्या प्रतिभाताई. अंगावर कोरी नारायणपेठ, हातात घराची किल्ली.

"वत्सलाबाई, उद्या निघतोय बरं का काशीला! तुळशीला तेवढं पाणी घाला. आणि भाऊ उठलेत ना? त्यांना गाडीचं जरा विचारायचं होतं."

वत्सलाबाईंनी हसून "या ना" म्हटलं. मनात मात्र हिशेब सुरू झाला. गेल्या वर्षी द्वारका, त्याआधी कन्याकुमारी, आता काशी! हिचे वाल्मीकराव शाळेतून निवृत्त झाले काय, आणि नवराबायकोला जणू पंख फुटले. रोज पहाटे दोघं फिरायला जायची आणि येताना भाजीच्या पिशवीचा एकेक बंद धरून रमतगमत परतायची. ती पिशवी वत्सलाबाईंना कन्याकुमारीपेक्षा जास्त टोचायची.

'काशी' ऐकताच कोंडाजींचे डोळे खाडकन उघडले. खुर्चीतून उठून ते चष्मा शोधू लागले. घरात साधा नळ गळत असला तरी न उठणारा माणूस!

"हे बघा वहिनी, इटारसीला गाडी थांबेल, पण लांब जाऊ नका. आणि सकाळी उजवीकडनं ऊन येतं. वाल्मीकरावांना सांगा, डावीकडची खिडकी तुम्हाला द्यायला. आरामात बघत जा."

"बघा, किती काळजी!" प्रतिभाताई खूश झाल्या. "तुमचं नशीब थोर हो वत्सलाबाई. भाऊंनी सगळा देश पाहिलाय."

"देश त्यांनी पाहिलाय. मी त्यांचा डबा पाहिलाय."

प्रतिभाताई खळखळून हसल्या. त्यांना ती गंमत वाटली. "आल्यावर मावंदं घालणार आहे हं. पुरणपोळ्यांना तुमचाच हात हवा." किल्ली ठेवून त्या गेल्यासुद्धा.

म्हणजे काशीचं पुण्य तिला आणि तव्यापुढची धग मला, असं मनाशी म्हणत वत्सलाबाईंनी मेथीची जुडी अशी पिरगळली, की देठांबरोबर चांगली पानंही गेली.

"किल्ली खिळ्याला लाव गं," कोंडाजी पुन्हा खुर्चीत टेकत म्हणाले.

"तुम्हीच लावा. डावी बाजू, उजवी बाजू तुम्हालाच कळते."

कोंडाजींनी चमकून पाहिलं. "आता काय झालं?"

"काही नाही. तिला खिडकी कुठली ते सांगितलंत. मला कधी सांगितलीत?"

"तुला कुठं जायचंय? अगं, गाडीत असतं काय? धूळ आणि खडखडाट. आयुष्य गेलं त्यात. आता घरच्या अंथरुणावर झोपतोय तर झोपू दे की."

"तुमचं गेलं आयुष्य गाडीत. माझं नाही गेलं."

खरंच होतं ते. रेल्वेचा फुकट पास दरवर्षी मिळायचा आणि दरवर्षी कपाटातच वाया जायचा. आणि पूर्वी माहेरी भुसावळला निघाल्या, तरी कोंडाजी त्यांना पोरांसकट बायकांच्या डब्यात बसवून द्यायचे आणि स्वतः शेवटच्या डब्यात, ड्यूटीवरच्या गार्डाशी गप्पा मारायला. सवयच तशी. मोठं स्टेशन आलं की खिडकीशी येऊन "पाणी हवंय?" विचारायचे, की पुन्हा गायब. डब्यातल्या एखादीचा नवरा मात्र स्टेशन आलं की दारापर्यंत येऊन तिला संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचा. वत्सलाबाई खिडकीबाहेर बघत बसायच्या.

"बरं, तुलाही काशीला जायचंय का?" कोंडाजींचा आवाज उतरला होता. "तिच्यासारखं?"

वत्सलाबाईंनी उरलेली मेथी बाजूला सारली. इतका वेळ आपण जळतोय ते काशीवर, असं त्यांनाही वाटत होतं. पण आता विचारल्यावर गंगा, घाट काही डोळ्यांपुढे येईना. ती भाजीची पिशवीच येत होती.

मांडीवरचे देठ झटकून त्या उठल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काशी नको मला. मनमाडपर्यंत चला. जायचं आणि परत यायचं. पण तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, आणि उतरेपर्यंत उठायचं नाही."