पंचवीस पानांची एक फाईल

पंचवीस कागद एकमेकांना जोडायला पाच फोन, एक चादर आणि अर्धी गल्ली लागते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझा समज होता की स्टेपलर पुरतो.

माझी बायको सुनंदा चंदगडकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. मी इकडं उचगावात, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. म्हणजे आमचा संसार शनिवारी संध्याकाळी एसटीतनं उतरायचा आणि सोमवारी पहाटे परत एसटीत चढायचा. चार वर्षं हेच! मधल्या दिवसांत घर मी आणि आई सांभाळायचो (आई सांभाळायची, मी घरात असायचो). अशात बदलीचे अर्ज निघाले. नवरा-बायकोला एका गावात आणायची सोय होती. अट एकच, सगळे कागद एकाच पीडीएफ फाईलीत घालून शासनाच्या वेबसाईटवर चढवायचे. शेवटची मुदत बुधवारी संध्याकाळी पाच.

कागद सगळे उचगावात आणि सुनंदा तिकडं डोंगरात. तिच्याकडं रेंज म्हणजे दवाखान्यामागच्या एका दगडावर चढलं तरच.

"अवं, चौकातल्या झेरॉक्सवाल्याला द्या. धा मिनिटांत जोडून देतोय त्यो," रविवारी ती म्हणाली.

"त्याच्या बोडक्यावर कशाला पैसं घालायचं? फोनात फुकट ॲप असत्यात. मी हाय की!"

हे "मी हाय की" ऐकलं की आमची आई देवघराकडं बघते. त्या दिवशी तर तिनं जाऊन दिवाच लावला.

सोमवार, मंगळवार मी नुसता 'अभ्यास' केला. बुधवारी अर्धी रजा टाकून दुपारी दोनला घरी आलो, लुंगी लावली आणि कागद फरशीवर मांडले. पहिल्या फोटोलाच घाम फुटला. त्याचं असं झालं होतं, लग्नाच्या वर्षी मला लॅमिनेशनचा नाद लागला होता. घरात कागद म्हणून जे जे होतं ते सगळं मी प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. दाखले, मार्कलिस्टा, रेशनकार्ड, एवढंच काय, आमची लग्नपत्रिकासुद्धा! आता फोन धरला की प्रत्येक कागदात माझंच तोंड दिसायला लागलं. सुनंदाच्या दहावीच्या मार्कलिस्टवर गणिताच्या मार्कांच्या जागी माझ्या दोन नाकपुड्या!

"आई, चादर धर गं. उजेड अडव."

आईनं चादर धरली. आत मिट्ट काळोख. मी टॉर्च लावली, तर नाकपुड्या उजळून निघाल्या. शेवटी मी चादरीत अर्धा शिरून, कागद तिरका करून, श्वास रोखून फोटो काढायला लागलो. पाच कागद झाले आणि ॲपनं हात वर केले. फुकटात एका फोनवर दिवसाला पाचच पानं! पुढं पैसे भरा.

इतक्यात शेजारचे दिनकरतात्या आले. एसटीतले रिटायर ड्रायव्हर. उंबऱ्यातच थबकले.

"काय संज्या, आतल्या आतच मांडव घातलाईस? कुणाचं लगीन?"

मी चादरीतनंच सगळं सांगितलं.

"मग भर की पैसं त्याला. एका चहाचं तर आसतील."

"तात्या, प्रश्न पैशाचा न्हाय, तत्त्वाचा हाय! एका फोनवर पाच, तर पाच फोनवर किती?"

तात्यांनी बोटं मोजली आणि त्यांचे डोळे चमकले. (ज्या माणसानं तीस वर्षं घाटात गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवलं, त्याला हे लगेच पटणार!) पळत जाऊन त्यांनी स्वतःचा आणि काकींचा फोन आणला. आईचा धरून चार झाले. पाचवा कुठनं आणायचा? बाहेर सायकलवरनं एक पाववाला ओरडत चालला होता.

"ओ पावणं! थांबा जरा!"

"किती देऊ?"

"पाव नको, फोन द्या."

पाववाल्यानं खिसा घट्ट धरला. "ओटीपी-बिटीपी मागणार न्हाईसा न्हवं?"

"आवो, बायकूची बदली हाय!"

"मग घ्या," तो म्हणाला आणि सायकल स्टँडला लावली. त्याची बायको गडहिंग्लजला होती.

सव्वाचार वाजले. एका जागी उभं राहवेना. मी एक कागद काढायचा आणि दोनदा घड्याळ बघायचं. माझी पाच पानं झाली होती. शेवटची पंधरा तात्या, काकी आणि पाववाल्याच्या फोनांना वाटून दिली, ती काढायची मीच. राहिली सहा ते दहा, म्हणजे संसाराचे कागद. विवाह दाखला, रेशनकार्ड, माझ्या कारखान्याचं पत्र वगैरे. नवरा-बायकोला एकत्र का आणावं, याचा सगळा पुरावा त्यातच.

"दे हिकडं, मी काढते," आई म्हणाली.

"तुला जमंल?"

"भजनाच्या ग्रुपवर रोज फोटू कोन टाकतंय? तुझा बा?"

मी ॲप चालू करून तिचा फोन आणि ते पाच कागद तिच्या हातात दिले, चादर तात्यांकडं सोपवली आणि परत आत शिरलो. पाच मिनिटांत आई आतल्या खोलीतनं बाहेर आली.

"झालं. पाच."

"एवढ्यात?"

"तुझ्यागत सर्कस करत न्हाय मी."

मग पाची फोनांच्या पाच फाईली एकत्र जोडायच्या. त्यासाठी एक वेबसाईट सापडली होती. दिवसाला एकदाच फुकट. एकच वार! मी फाईली टाकल्या, बटण दाबलं आणि पडद्यावर ते गोल गोल चक्र सुरू झालं. तेवढ्यात सुनंदाचा फोन.

"झालं काय वो?"

"फिरालंय."

"काय फिरालंय?"

"चक्र!"

"हितं पाऊस लागलाय, दगड निसरडा झालाय. मी एका पायावर हाय. बिगीनं सांगा!"

चार पंचावन्नला फाईल तयार. चार छप्पन्नला चढली. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि चादर फेकून तात्यांनी मला मिठी मारली. पाववाल्यानं सगळ्यांच्या हातात एकेक पाव ठेवला. "चढली गं!" मी फोनवर ओरडलो. पलीकडनं "आई गं!" असा आवाज आला आणि रेंज गेली. ती आनंदानं ओरडली की दगडावरनं घसरली, ते शनिवारपर्यंत कळलं नाही. (घसरली होती.)

"उघड की, बघू तरी," तात्या पाव चावत म्हणाले.

उघडली. एक ते पाच बरी होती. माझ्या नाकपुड्यांसकट, पण वाचता येत होती. सहावं पान आलं आणि माझ्या घशात पाव अडकला.

सहाव्या पानावर आमची गॅसची शेगडी. तीन दिवस उतू गेलेल्या दुधासकट. सातव्यावर मोरी, आणि तिच्यात खरकट्या भांड्यांचा जोतिबाएवढा डोंगर. आठव्यावर कपड्यांच्या ढिगाखाली गडप झालेली कॉट. नवव्यावर उघडा फ्रीज. आत एक कांदा. आणि दहाव्यावर मी! डोकं चादरीत, लुंगी गुडघ्याच्या वर, पार्श्वभाग थेट शासनाकडं.

"आई!!"

"मी काय केलंय? मी बटनच दाबलं न्हाय!"

तीच तर गोम होती. त्या ॲपला चौकोनी काहीही दिसलं की ते आपोआप फोटो घेतं. आई फोन हातात धरून चष्मा शोधत घरभर फिरली, आणि त्यानं शेगडी, मोरी, कॉट, फ्रीज असं सगळं चौकोनी घर टिपलं. शेवटी मला टिपलं. (इथं ॲपची चूक म्हणता येत नाही.) पाच आकडा दिसल्यावर आईला वाटलं, झालं काम!

चार अठ्ठावन्न. वेबसाईट म्हणाली, आजचं फुकट संपलं.

"घे बाबा, पैसं घे!" मी फोनवरच ओरडलो. तत्त्व गेलं पंचगंगेत! कार्डाचा नंबर टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. ओटीपी आला. पाच वाजून एक मिनिटानं. मुदत संपली, शेगडीवाली फाईलच शासनाकडं राहिली.

शनिवारी सुनंदा लंगडत आली. मी सगळं कबूल केलं. तिनं पदर खोचला आणि लंगडतच मोरी घासायला गेली. पुढचे तीन आठवडे मला ना झोप ना भूक. स्टोअरमध्ये नट मागितले तर मी वॉशर देत होतो. फोन वाजला की उभा राहायचो, थांबला की बसायचो. आणि एके दिवशी तिला निरोप आला, मूळ कागद घेऊन ऑफिसात या.

मीही गेलो. सुनंदा पुढच्या खुर्चीत, मी मागं. साहेबीणबाईंनी कॉम्प्युटरवर फाईल उघडली. त्या एकदा पडद्याकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं, परत पडद्याकडं.

"दहाव्या पानावर… हे तुम्हीच का?"

"व्हय मॅडम."

"आणि हे घर?"

"आमचंच."

सुनंदानं मान खाली घालून सगळे मूळ कागद टेबलावर ठेवले. बाईंनी एकेक तपासला. मग चष्मा काढला.

"कागद बरोबर आहेत. एकत्र आणायला दाखले सगळेच जोडतात. इतका सणसणीत पुरावा मात्र मी पहिल्यांदा बघितला."

बदली झाली, हे सांगून टाकतो. सुनंदा आता रोज घरनंच ड्यूटीला जाते, आणि मोरीचा तळ मला अधनंमधनं दिसतो. एवढ्यावर मी खूश राहायला हरकत नव्हती. पण त्या दिवशी सही करायच्या आधी साहेबीणबाई पुढं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, सही करते मी. पण या घरात तुम्हाला स्वतःहून यायचंय ना? नीट विचार केलाय?"

सुनंदानं मागं वळून मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाईंकडं वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "उद्या सांगितलं तर चालंल काय?"