रुखवतातला काळा डबा

चुलत बहिणीच्या लग्नासाठी मी जपानी तांब्याचा डबा निवडला, चहाची पत्ती ठेवायचा. पुण्यातल्या त्या दुकानात पितळेचे चकचकीत डबेही होते. मी मुद्दाम काळपट जांभळा घेतला, कारण तो रंग चढवण्यातच कारागिराचं खरं कसब असतं, असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं. झाकण नुसतं टेकवलं की आपल्याच वजनाने हळूहळू खाली उतरायचं. मी तिथेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सांभाळायला सोपा होता. कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, पाणी नको, आंबट तर अजिबात नको.

नांदगावजवळच्या आमच्या गावी पोचल्यावर मी तो काकीच्या हातात दिला आणि यातलं काहीच सांगितलं नाही. आपण दिलेल्या वस्तूचं कौतुक आपणच कसं करायचं?

लग्नाच्या सकाळी मागल्या दारी गेले, तर काकी डबा घासत होती. भिजवलेली आंबट सोलं, राख, घासायला नारळाच्या सालीचं सोडण. शेजारच्या बायका रुखवताचे लाडू परातीत रचत बसल्या होत्या.

"दुकानदारान फसवल्यान गो तुका," काकी हसत म्हणाली. "जुनो डबो दिल्यान. वऱ्हाड येतला, तेंका काय असो काळो दाखवूचो?"

"इंग्लिश शाळेतला चेडू ता," एक बाई म्हणाली. "तेका काय भांडी घासूक शिकवतत?"

सगळ्या हसल्या.

"काकी, थांबा," मी म्हणाले. "तो काळा पडलेला नाही. तो रंग मुद्दाम दिलेला असतो. तुम्ही खराब केलात तो."

एरवी मी काकीला 'तू' म्हणते. हे मात्र ऑफिसातल्यासारखं बाहेर पडलं, आणि मोठ्याने. बायकांचे हात थांबले. काकीने डबा पाण्यातून वर काढला. अर्धा गुलाबी, कोरा. अर्धा अजून काळा.

"माफ कर हं. मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. माझ्याशी ती कधी अशी बोलत नाही. ही तिची तहसील कचेरीत साहेबांपुढे बोलायची भाषा. तिने डबा पदराने टिपला आणि माझ्यापुढे धरला. "तूच ठेव तुझ्याकडे. आम्हाला नाही कळत त्यातलं."

वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघणार, कोणी काय दिलं ते विचारणार. काळ्या डब्याबरोबर माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून ती घासत होती. आणि एवढं कळूनही मला वाईट वाटत होतं ते डब्याचंच.

मी तिच्या शेजारी बसले, सोडण उचललं आणि उरलेला काळा भाग घासायला लागले. रंग फार पटकन निघाला. कडेत राख जाऊन झाकण अडकायला लागलं होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

बायका पुन्हा लाडवांकडे वळल्या. काकीने माझ्या हातावर पाणी ओतलं.

"बुडाक घाण ऱ्हवली हा," ती म्हणाली. "थंय घास."

मी डबा उलटा केला. बुडाशी कारागिराचा बारीकसा शिक्का होता, रेघांत काळा रंग भरलेला. मी तिथे घासलं.