आईला मोठ्या पाळण्यात बसायचंय

आमच्या घरात पाच माणसं एका दिवशी मोकळी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. भाऊ तळोज्याला कंपनीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. वहिनी बालवाडीत शिकवते. माझं ऑफिस बेलापूरला, मुलीची शाळा आणि क्लास. आणि आई राहते भावाकडे करंजाड्याला, मासळी विकते त्याच्या सोसायटीजवळच्या कोपऱ्यावर. रविवार, बुधवार, शुक्रवार हे तिचे धंद्याचे वार. त्या दिवशी आमच्यात कुणी साखरपुडासुद्धा ठेवत नाही. सोमवारी आणि गुरुवारी गिऱ्हाईक मासळी खात नाही, म्हणून आमचं जे काही व्हायचं ते सोमवारी नाहीतर गुरुवारी होतं.

मुलीची परीक्षा संपली आणि तिनं थीम पार्कचा धोशा लावला. नवऱ्यानं ‘मला त्या गरगर फिरण्यात घेऊ नका’ म्हणून पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं. बाकी सगळं माझ्या गळ्यात. मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू? मी गुरुवार ठरवला, गाडी ठरवली, भावाला सुट्टी टाकायला लावली आणि सीवूड्सच्या घरी बसून लॅपटॉपवर एक तक्ता केला. किती वाजता निघायचं, नाश्ता कुठे, कुठल्या राइडला आधी रांग लावायची, कोण कशात बसणार. भाऊ, वहिनी, मुलगी आणि मी अशी चार नावं प्रत्येक ओळीत. आईचं नाव एकाच ठिकाणी होतं. ‘सामान – आई.’

तक्ता ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. आईला वाचता येतं, पण मोबाईलवर बारीक दिसतं म्हणून वहिनीनं तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला. संध्याकाळी आईचा फोन आला.

“मी नाय येत. तुमी जावा.”

“का गं? गुडघा दुखतोय का?”

“गुडघा बरा हाय.”

“मग काय झालं?”

“काय नाय झालं,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मला राग आला. इतकं सगळं जुळवून आणायचं आणि ऐन वेळी घोडं अडायचं ते हिच्याजवळ. भाऊ म्हणाला, तिला ऊन सोसत नाही. वहिनी म्हणाली, तिकीट महाग वाटत असेल. नवरा म्हणाला, राहू दे ना मग, कशाला जबरदस्ती. मी म्हटलं, हिला मी बघते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट करंजाड्याला गेले.

आई गॅलरीत बसून कोयता घासत होती. मी आत पाऊल टाकलं ते भांडतच. एवढी तिकिटं काढायची आहेत, एक माणूस कमी झालं तर गाडीतली जागा वाया जाते, तुझ्याशिवाय पोरीला करमत नाही, असं सगळं बोलून झालं. ती घासतच राहिली. माझी वाफ जिरल्यावर म्हणाली, “पिशव्या राखाला माना नको नेऊ.”

तक्त्यातलं ‘सामान – आई’ मला आठवलं. मग मी म्हटलं, “अगं, कुणीतरी बसावंच लागतं ना.”

“कुनीतरी म्हंजे दर टायमाला मीच काय?”

खरंच होतं. गावच्या जत्रेत आम्ही पाळण्यात बसायचो आणि आई खाली आमच्या चपला सांभाळत उभी असायची. समुद्रावर गेलो की आम्ही पाण्यात, आई टॉवेल घेऊन वाळूत. कुणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. ती बसायची, आम्ही जायचो. इतक्या वर्षांत तिला पाळण्यात बसायचं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी तर स्वतःला मोठी शहाणी समजते.

“तुला राइडमध्ये बसायचंय?”

“त्यो मोठा हाय ना, उलटा व्हनारा? पोरीनं मोबाईलवर दाखवलाय माना. त्या पालन्यात.”

ती आजपर्यंत रोलर कोस्टरलाही पाळणाच म्हणते. मी हसले, तर तिनं असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी विरलं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एकेक पाचर मारायला लागले. म्हटलं, आई, तिथे लुगडं चालणार नाही, नियम आहे. ती उठली, कपाटातून एक पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. आत पोपटी रंगाचा पंजाबी ड्रेस. नवा कोरा, ओढणीशिवाय. जन्मभर नऊवारीत वावरलेल्या बाईनं मागच्या गल्लीतल्या टेलरकडे जाऊन तो शिवून घेतला होता. टेलरला सांगितलं, सुनेचा आहे. तो म्हणाला, मग मापं तुमची का देता? तर ही म्हणाली, तुला शिवायचाय का इचारायचाय?

“आणि बीपीचं काय? गोळी चालू आहे तुझी.”

“डाक्टरला इचारलाय. तपासला त्यानं. म्हनला, कंट्रोलमधी हाय, गोली टायमावर घ्या आनि बसा.”

“एकटीच गेलीस?”

“मंग? तुला सांगितला असता तर तू नको म्हनली असतीस.”

पिशव्यांचं तिनंच ठरवलं: लॉकर असतात, वहिनीला विचारून ठेवलंय. मी घरी येऊन तक्ता बदलला. सगळ्या ओळींत पाचवं नाव घातलं. भावानं ग्रुपवर हसऱ्या तोंडांची माळ लावली आणि मुलीनं आजीला फोन करून पुढची सीट आपण दोघींनी घ्यायची असं पक्कं केलं. मला त्या आठवड्यात फार बरं वाटत होतं. आपण काहीतरी सुधारलं, असं.

गुरुवारी सगळं वेळेवर झालं. आई पोपटी ड्रेसमध्ये खाली आली तेव्हा वॉचमननं तिला ओळखलं नाही. गाडीत ती सारखा कुर्ता गुडघ्यावर ओढत होती, पण खुशीत होती. वहिनीशी तोंडाचा पट्टा चालू होता. सामान लॉकरमध्ये गेलं. आम्ही आधी त्या मोठ्या राइडच्याच रांगेत लागलो, पाऊण तास उभे. आई एकदाही बसली नाही. वरून डबे किंचाळत गेले की ती मान वर करून बघायची आणि मुलीचा हात घट्ट धरायची.

गेटवर पार्कच्या टीशर्टमधली एक मुलगी होती. प्रत्येकाला तेच विचारत होती. आईजवळ आली, जरा वाकली आणि म्हणाली, “मावशी, बीपीचा वगैरे काही त्रास?”

बाजारात आईच्या तोंडाला कुणी लागत नाही. पण काउंटर आला, खिडकी आली, गणवेशातलं माणूस आलं की ती माझ्याकडे बघते आणि मी बोलते. बँकेत मी बोलते, दवाखान्यात मी बोलते. तिचं वय, तिचं दुखणं, तिची जन्मतारीख, सगळं माझ्या जिभेवर असतं. त्या दिवशी ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी तिच्या मागे उभी होते. “हो, गोळी चालू आहे,” मी म्हटलं.

त्या गेटवरच्या मुलीनं बाजूच्या ‘बीपी असणाऱ्यांनी बसू नये’ अशा पाटीकडे हात केला आणि आईला हळूच रांगेबाहेर घेतलं.

मग मी पुढे झाले. डॉक्टरांनी सांगितलंय, कंट्रोलमध्ये आहे, आम्ही विचारून आलोय, सगळं बोलले. ती बिचारी दरवेळी सॉरी मॅडम म्हणायची. एकदा सांगितल्यावर तिला बसवता येत नव्हतं, आणि तिचं बरोबरच होतं. मागची रांग कुरकुरायला लागली. माझी मुलगी रडवेली झाली, तिला भाऊ-वहिनीबरोबर आत ढकललं. मी आईच्या मागोमाग बाहेर आले.

ती रेलिंगला टेकून वर बघत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना.

“आई, तू तरी बोलायचंस ना. नाही म्हणायचंस. डॉक्टरांचं सांगायचंस. गप्प का राहिलीस?”

“तू बोललीस ना,” ती म्हणाली.